माझी हरकत स्वच्छतेची

मी कुत्र्यांना घाबरतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो काही गोंधळ झाला, तो मी हे एवढंसं वाक्य वेळेवर न बोलल्यामुळे झाला.

घाबरतो म्हणजे कसा, तर मोठ्या कुत्र्याला कोणीही घाबरेल. मी पिशवीत मावणाऱ्या कुत्र्यालाही घाबरतो. साखळीतल्या, म्हाताऱ्या, दात पडलेल्या, इतकंच काय, झोपलेल्या कुत्र्यालाही घाबरतो. झोपलेला तर कधी उठेल याचा नेम नाही. मालक लांबूनच ओरडतात, “काही करत नाही हो तो!” मीही काही करत नाही, हे तुम्ही त्याला सांगितलंय का, एवढंच मला विचारायचं असतं. पण मी विचारत नाही. मी हसतो आणि रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

आणि माझा धंदा काय, तर लिफ्ट दुरुस्त करणं. दोन मजल्यांच्या मध्ये, अंधाऱ्या शाफ्टमध्ये, लिफ्टच्या टपावर उभा राहून मी दोर तपासतो. तिथून खाली बघितलं की भल्याभल्यांचे डोळे फिरतात. मी तिथे उभ्या उभ्या सफरचंद खातो. त्यामुळे लोक मला वाघ समजतात आणि मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केलेला नाही. एकदा एक लिफ्ट अडकली. आत एक बाई आणि त्यांचा गलेलठ्ठ कुत्रा. मी किल्ली फिरवली, दार उघडलं आणि त्या दाराच्याच मागे लपून उभा राहिलो. “अगदी देवासारखे धावून आलात हो,” असं म्हणत बाई इकडेतिकडे मला शोधत होत्या. देव दिसत नसतो, अशी त्यांनी शेवटी स्वतःची समजूत घातली असावी.

आता कॅफेकडे वळतो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक छोटा कॅफे आहे. तो चालवणाऱ्या बाई पूर्वी एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, तेही ऑपरेशन थिएटरच्या. म्हणून सगळे त्यांना मेट्रनच म्हणतात. नोकरी संपली, पण सवयी शिल्लक राहिल्या. रविवारी सकाळी त्यांचा राउंड असतो. हात मागे बांधून त्या टेबलाटेबलाशी थांबतात आणि विचारतात, “काय त्रास?” कॉफी कडू झाली, खुर्ची डुगडुगते, गाणं मोठ्याने लागलंय, जे असेल ते तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. मग मेट्रन त्यावर उपाय करतात. राउंड संपल्यावर कुरकुर केली तर त्या सरळ पाठ फिरवतात.

दर रविवारी मी आणि ताई तिथे भेटतो. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती मोठी आहे हे ती मला विसरू देत नाही. एकमेकांच्या घरी गेलो की आमचं हमखास वाजतं. तिच्या घरी भाऊजी मध्ये पडतात म्हणून भांडण वाढतं, माझ्या घरी माझी बायको मध्ये पडत नाही म्हणून वाढतं. विषय कुठलाही चालतो. आईचं शिवणयंत्र कुणी न्यावं, बाबांचा लाडका नक्की कोण होता, काहीही. मेट्रनच्या कॅफेत मात्र आवाज चढवायची कुणाची छाती नाही. तिथे आम्ही माणसांसारखे बोलतो. ताई माझ्या ताटलीतला केक उचलते, मी बघून न बघितल्यासारखं करतो. आठवड्यातला हा एक तास मला जिवापाड आवडतो. तो नसेल तर मला बहीण आहे, ती फक्त भांडायला.

त्या तासावरच संकट आलं. माझी भाची परदेशी नोकरीला गेली आणि जाताना आपला कुत्रा ताईच्या गळ्यात घालून गेली. काळाकुळकुळीत कुत्रा, गळ्यापाशी तेवढा पांढरा पट्टा, म्हणून त्याचं नाव वकील. घरी एकटा ठेवला की वकील असा टाहो फोडायचा की वरच्या मजल्यावरचे लोक खाली यायचे. भाऊजींना तो जुमानत नसे. (भाऊजींना कुणीच जुमानत नाही, पण ते जाऊ दे.)

त्या रविवारी ताई आली ती दारातच थांबली. हातात साखळी, साखळीला वकील.

मेट्रनचा राउंड चालू होता. ताईने दारातूनच आवाज दिला. “मेट्रन, मला त्रास आहे. ह्याला घरी ठेवता येत नाही. ह्याला आत घेतलंत तर मी येत जाईन, नाहीतर माझं येणं बंद.”

मेट्रननी वकिलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “कुणाची हरकत?”

चष्म्याच्या दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही चष्मेवाले म्हणतो, ते म्हणाले, “येऊ दे की बिचाऱ्याला.” कोपऱ्यातल्या गाण्याच्या बाईंनी मान डोलावली. बाकीच्यांनी खांदे उडवले. सगळं दोन मिनिटांत उरकणार असं दिसलं आणि माझा हात वर गेला.

“तुमची?” मेट्रन म्हणाल्या. “काय त्रास?”

खरं कारण जिभेवर आलं होतं. पण चष्मेवाले बघत होते, आणि आदल्याच आठवड्यात मी त्यांना टपावरच्या सफरचंदाची गोष्ट रंगवून सांगितली होती. मी घसा साफ केला. “माझी हरकत स्वच्छतेची आहे,” मी म्हणालो.

ज्या बाईने जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये धुळीचा कण टिकू दिला नाही, तिच्या कॅफेत मी स्वच्छतेची शंका काढली होती. एवढा मोठा धोंडा आजवर कुणी स्वतःच्या पायावर मारून घेतला नसेल.

“बरं,” मेट्रन म्हणाल्या. “हरकत मिटेपर्यंत कुत्रा बाहेर.”

कुत्रा बाहेर म्हणजे ताईही बाहेर. ती पायरीवर बसली, हातात कप घेऊन. मी आत, खिडकीपाशी. आमच्यामध्ये काच. मी काचेतून खुणेनेच विचारलं, थंडी वाजतेय का? तिने मान फिरवली आणि वकिलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. केकचा माझा तुकडा त्या दिवशी पूर्ण मलाच खावा लागला. अजिबात गोड लागला नाही.

पुढच्या रविवारी दारात एक पसरट ट्रे होता, त्यात कोमट पाणी, शेजारी घडी घातलेले पांढरे टॉवेल. मेट्रननी रबरी हातमोजे चढवले आणि वकिलाचे चारही पाय धुऊन, बोटांच्या मधून पुसून काढले. वकील पुतळ्यासारखा उभा. मग त्यांची नजर माझ्या बुटांवर गेली. मी पहाटेच एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून आलो होतो. तळव्यांना ग्रीस होतं, आणि ग्रीसला आणखी काय काय चिकटलं होतं ते सांगत नाही.

“या इकडे,” मेट्रन म्हणाल्या.

मी पन्नाशीचा माणूस ट्रेमध्ये उभा राहिलो. चष्मेवाल्यांनी त्यांचा चष्मा पुसून पुन्हा घातला, नीट दिसावं म्हणून. पाणी काळं झालं. मेट्रननी ते ओतून दिलं, नवीन आणलं, तेही काळं झालं. “कुत्रा एका पाण्यात साफ झाला,” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग राउंडला माझ्यापाशी थांबल्या. “आता काय त्रास?”

मी तोंडघशी पडलो होतो, पण हटलो नाही. “केस,” मी म्हणालो. “केस झडतात त्याचे. कॉफीत पडतील.”

ताईचा दुसरा रविवारही पायरीवर गेला. या वेळी ती खिडकीकडे पाठ करून बसली.

त्याच्या पुढच्या रविवारी वकील हिरव्या सुती अंगरख्यात आला. मेट्रननी जुन्या थिएटर गाउनमधून तो स्वतः शिवला होता, पाठीवर नाड्यांसकट. असा रुबाबदार दिसत होता की कुणीही त्याच्या हाती आपलं अपेंडिक्स द्यावं. गाण्याच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मेट्रन माझ्याजवळ आल्या आणि माझ्या मिशीकडे टक लावून बघत राहिल्या. माझी मिशी भरघोस आहे. “हिचाही विचार करावा लागेल,” त्या म्हणाल्या. मी हाताने मिशी झाकली.

“तर?” मेट्रननी विचारलं. दार त्यांनी एका हाताने उघडं धरलं होतं. बाहेर ताई उभी होती, साखळी मनगटाला गुंडाळून. “आज हरकत नसेल तर तो आत येईल. असेल तर सांगा, मी उपाय काढते. मला पुष्कळ वेळ आहे.”

मी डोकं खाजवलं. भुंकणं म्हणावं, तर वकिलाने तीन रविवारांत तोंड उघडलं नव्हतं. अॅलर्जी म्हणावं, तर या बाई मागच्या खोलीतून सुई घेऊन येतील याची मला खात्री होती. मी काहीतरी जुळवायला लागलो आणि माझी नजर ताईकडे गेली. ताई रागावलेली असती तर मला चाललं असतं. आमचा तो रोजचा व्यवहार आहे. पण तिचा चेहरा पडला होता. माणूस निकाल ठाऊक असताना ऐकायला उभा राहतो, तशी ती उभी होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“मला भीती वाटते,” मी म्हणालो.

“कशाची?”

“कुत्र्याची. ह्याची. सगळ्यांचीच.”

चष्मेवाले फिस्सकन हसले. “अहो, तुम्ही दोराला लटकता ना?”

“दोर चावत नाही,” मी म्हणालो.

मेट्रननी चष्मेवाल्यांकडे एकदाच बघितलं. त्यांनी उरलेलं हसू कॉफीबरोबर गिळलं. मग मेट्रन माझ्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. राउंडच्या वेळी त्या बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

“ऑपरेशनला माणूस आत आणला ना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “की धडधाकट गडी हमखास मला विचारायचे, सिस्टर, सुऱ्या-कात्र्या नीट उकळल्यात ना? त्यांना सुऱ्याकात्र्यांचं काही पडलेलं नसायचं. मी त्यांचा हात धरायचे. तुम्ही पहिल्याच दिवशी नीट बोलला असतात, तर माझा एक चांगला गाउन वाचला असता.”

“पण तुम्ही तर ट्रे, टॉवेल...”

“मला स्वच्छतेचं बोललात म्हणून डोकं फिरलं माझं,” मेट्रन म्हणाल्या आणि उठल्या.

तोवर ताई आत आली होती. वकिलाला तिने उंबऱ्याबाहेरच बसवलं होतं, साखळी ताणून. तिचा आवाज बसल्यासारखा झाला होता. “एवढंच होतं? मला वाटलं, तुला मीच नकोय.”

“वेडी आहेस का तू?”

“मग काय समजायचं मी? कुत्रा सगळ्या जगाला चालतो, माझ्या सख्ख्या भावाला तेवढा चालत नाही. घरी भांडतोस ते भांडतोस, म्हटलं आता इथेही नको झाले मी ह्याला. दोन रविवार पायरीवर बसून तेच घोळतंय डोक्यात.”

“ताई, मी तुला कधी कुत्र्यांचं सांगितलंच नव्हतं ना. म्हणून...”

“सांगायला कशाला पाहिजे होतं?” ताईचा आवाज मेट्रनच्या कॅफेत प्रथमच चढला, आणि मेट्रननी तिला अडवलं नाही. “शाळेच्या वाटेवर ती लाकडाची वखार आठवते? तिथे कुत्री पडलेली असायची. वखार आली की तुला रोज भिंतीकडे कोण ढकलायचं?”

मला ते चांगलंच आठवत होतं. भिंतीचा चुना माझ्या बाहीला लागायचा आणि मी घरी जाऊन आईकडे तक्रार करायचो, ताई मला ढकलते म्हणून. ताईला ओरडा बसायचा. ती एक अक्षर बोलायची नाही.

“मला वाटायचं, मोठी आहेस म्हणून दादागिरी करतेस,” मी म्हणालो.

“करायचेच मी दादागिरी. पण कुत्री माझ्या बाजूला असायची.” ताईने नाक पुसलं. “मोठा झाल्यावर गेली असेल भीती, असं वाटलं मला. इतक्या उंचावर चढतोस म्हणून. गेली नाही?”

“नाही.”

“माझी तरी कुठे गेली होती तेव्हा?” ती म्हणाली. “माझे पाय लटपटायचे त्या वखारीपाशी. तू घाबरशील म्हणून सांगत नव्हते.”

मी माझी केकची ताटली तिच्याकडे सरकवली.

ताईने वकिलाला आत आणलं. माझे गुडघे टेबलाखाली आपोआप जवळ आले. तिने साखळी पलीकडच्या खुर्चीच्या पायाला बांधली, वकिलाला खाली बसवलं, आणि एक खुर्ची ओढून बरोबर त्याच्या आणि माझ्या मध्ये आणली.

“सरक आत,” ती म्हणाली.

मी भिंतीकडे सरकलो.