विहिणीचा मान

मी कुणाचं उष्टं खात नाही. नवऱ्याच्या ताटातल्या भजीलासुद्धा संसारभर कधी हात लावला नाही. अमेरिकेत, प्लेनोतल्या आमच्या सगळ्या मराठी मंडळींना हे ठाऊक आहे. त्यामुळे नवी सून रविवारी सकाळी भोपळ्याच्या एवढ्याशा भांड्यात वाळका पाला आणि गरम पाणी घालून, त्यात धातूची नळी खोचून "आई, एक घोट?" म्हणाली, तेव्हा मी लांबूनच हात जोडले.

रीमा लेबनॉनची. आलेय नावाच्या डोंगरावरच्या जुन्या गावातली, द्रूझ समाजातली. त्यांच्यात धर्माबाहेर लग्न केलं की माहेर तुटतं. माझ्या राजसशी लग्न केलं त्या दिवसापासून तिच्या आईनं फोन उचलला नाही. दर रविवारी रीमा ते मत्ते नावाचं पेय करायची, आईला फोन लावायची, रिंग वाजून वाजून थांबायची, मग एकटीच पीत बसायची. खरं तर ते एकट्यानं प्यायचंच नसतं. एकच नळी, सगळ्यांत फिरवायची. पण राजस म्हणायचा, "कडू आहे यार," आणि मी तर मीच. असं चार वर्षं बघून माझं डोकं फिरलं.

"आपण जाऊ तुझ्या गावाला," मी म्हणाले.

"ती दार उघडणार नाही, आई."

"तुला नाही उघडलं तर नाही. मला उघडेल. मी मुलाची आई आहे. लग्नात कुणी माझा मानपान केला नाही, एक साडी म्हणून दिली नाही. तो वसूल करायला येतेय म्हणून सांगते."

रीमा रडता रडता हसली. राजसला घरीच ठेवलं, उगाच आगीत तेल नको. तिकडचं युद्ध जरा थंडावलंय असं बघून आम्ही दोघी निघालो.

बैरूतहून टॅक्सी वळणं घेत वर चढली. खाली समुद्र, वर लाल कौलांची दगडी घरं, बाजारात पांढरं वस्त्र डोक्यावरून घेतलेल्या म्हाताऱ्या बायका. गाव मला फार आवडलं आणि म्हणूनच संताप आला. एवढं देखणं गाव, आणि माझ्या सुनेला बंद? ती बोट दाखवत होती, ही माझी शाळा, इथे बाबा आइस्क्रीम घेऊन द्यायचे. तिची गल्ली आली आणि तिचं बोट खाली आलं. टॅक्सी घराखाली थांबली, पण ही उतरेना.

"तुम्हीच जा, आई. माझे पाय उचलत नाहीत."

मी एकटीच जिना चढले. दार उघडलं ती बाई माझ्याच वयाची, माझ्यासारखीच गुडघ्यांनी बेजार. मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "राजसची आई." मग म्हणाले, "रीमा." तिनं तोंड फिरवलं. वाटलं, आता दार लागतंय. पण दारातून पाहुणा परत पाठवणं त्यांच्यातही बसत नसावं. तिनं मला आत नेऊन बसवलं.

आणि काय आणलं असेल? तेच भांडं. आधी ती स्वतः प्यायली, मग पुन्हा पाणी ओतलं, उष्टं पुसायला नळीच्या टोकावरून लिंबाची साल फिरवली आणि माझ्यापुढे धरलं. मनात म्हटलं, शरयू, एवढं विमानाचं तिकीट काढून आलीस ती नाक मुरडायला का? डोळे मिटून प्यायले. कारल्याचा काढा परवडला.

मी मराठीत सुरुवात केली. "तुमची लेक गुणाची आहे हो. गाडी फार जोरात चालवते, पण माझं पथ्यपाणी बघते. फक्त रविवारी तुम्हाला फोन लावते, तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही." कानाशी हात नेऊन फोन दाखवला. तिला कळलं. तिनं मान खाली घातली.

पुन्हा ती प्यायली आणि भांडं भरून माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. बाल्कनीकडे बोट केलं. आता नंबर खालच्या माणसाचा.

ती बाल्कनीत गेली, वाकून टॅक्सीकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली. हातातलं पाणी निवून गेलं. मग आत आली, ते ओतून टाकलं, पुन्हा गरम पाणी घातलं, लिंबू फिरवलं आणि दोन्ही हातांत भांडं धरून जिना उतरायला लागली. एकेक पायरी, घरातल्या सपातांवर. मी मागोमाग.

रीमानं काच खाली केली. आईनं नुसतं भांडं आत धरलं. रीमा अर्धं कसंबसं प्यायली आणि तिला रडू फुटलं. आईनं ते काढून घेतलं. लिंबाची साल तिच्या मुठीतच होती. साल न फिरवता, न पुसता, तिनं नळी तशीच तोंडाला लावली.

मग ते भांडं माझ्याकडे आलं. तळाशी दोन घोट उरले होते. नळी मीही पुसली नाही.