पितृपक्षातला बुधवार

माझे वडील अप्पाराव पाथरीत मुहूर्त काढून देतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या डोळ्यांना बारीक अक्षर सोसवत नाही. म्हणून गेली चार वर्षे ते सांगतात आणि मी लिहितो. लिहून झाले की ते म्हणतात, "वाच." मी वाचतो. आम्हा दोघांतले बहुतेक बोलणे एवढेच, आणि तेही परक्यांच्या लग्नांविषयी.

निवेदिताला, माझ्या पत्नीला, पाचव्या महिन्यात साखर निघाली. ती इन्सुलिनची सुई स्वतः टोचून घेई आणि वहीत आकडे मांडी. मी शेजारी बसून राही. सप्टेंबरात परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सारे आखून दिले: अडतीस आठवडे भरले की दवाखान्यात यायचे, औषधाने कळा आणायच्या, तासातासाला साखर पाहायची, बाळाचे ठोके यंत्रावर सतत ठेवायचे, जन्मल्यावर अर्ध्या तासात अंगावर पाजायचे आणि त्याच्या टाचेतून रक्त घेऊन त्याचीही साखर पाहायची.

"बाळ मोठं आहे आणि साखर आवरत नाही," त्या म्हणाल्या. "मंगळवार ते गुरुवार, कोणताही दिवस घ्या. त्यापुढं थांबलं तर पोटातच दगावण्याची भीती वाढते."

ते तिन्ही दिवस पितृपक्षातले होते.

"आपोआप झालं तर कुणाचा दोष नाही," वडील म्हणाले. "पण आपण होऊन पितृपक्षात दिवस धरायलाय तुमी? अन् तेही माझ्या घरी? सोमवारी घट बसतात. लय चांगला दिवस. डॉक्टरीणबाईंना म्हणावं, पोटातल्याला पंचांग कळत नसलं तरी आजोबाला कळतं."

मी मान हलवली. ती होकाराची नव्हती, नकाराचीही नव्हती. अशी मान हलवण्यात माझे सारे तारुण्य गेले आहे.

खोलीत निवेदिता उशीला टेकून बसली होती. पायांवर सूज होती.

"तुम्ही कधी बोलणार?" ती म्हणाली. "बाळ बोलायला लागल्यावर?"

"बोलतो."

"तुमचं 'बोलतो' मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे." ती हसली नाही. तिने पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच थांबली. हालचाल मोजत होती.

दुपारी वडिलांनी कागद घ्यायला सांगितले. घरातल्या शुभकार्याचाही मुहूर्त ते रीतसर लिहवून घेत. मी वर 'श्री' काढले.

"आश्विन शुद्ध प्रतिपदा, सोमवार," ते म्हणाले. "सकाळी अकराच्या आत."

मी लिहिले. ते डोळे मिटून बसले.

"वाच."

"भाद्रपद वद्य एकादशी," मी वाचले, "बुधवार."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती; ती किक मारण्याचा आवाज पाच-सहा वेळा आला.

"मी सोमवार म्हणालो."

"ऐकलं मी."

"त्या कागदाखाली माझं नाव राहतंय, बाबा रे. लोक मला विचारतील, तुला नाही."

"तुमचं घातलं नाही. माझं घातलंय."

त्यांनी डोळे उघडले. हात पुढे करून कागद घेतला, खिडकीपाशी नेला आणि न दिसणारी अक्षरे निरखत राहिले. मग तो माझ्यासमोर ठेवून ते आत गेले. त्या रात्री ते जेवले. 'वाढा', 'पुरे', एवढेच बोलले.

बुधवारी पहाटे आम्ही दोघेच जीपने निघालो. ते दाराशी आले नाहीत.

मुलगी सायंकाळी झाली. पहिल्या तपासणीत तिची साखर कमी आली. निवेदिताने तिला पुन्हा छातीशी घेतले. परिचारिका परत आली, टाच पुसली, यंत्राकडे पाहिले आणि म्हणाली, "आली वर."

मी बाहेर जाऊन घरी फोन लावला. तो वडिलांनी उचलला. काय सांगायचे, ते कुठेही लिहिलेले नव्हते.

"मुलगी झाली," मी म्हणालो. "दोघी बऱ्या आहेत."

"रडली का?"

"रडली."

"हं."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. माझाही त्यांना येत असावा.