हजार कासवं आणि माझी भरलेली पिशवी

मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे, मित्रांनो. लोखंडी पोट, एक मोटर, आत कापडी पिशवी आणि खाली चार चाकं. त्यातलं एक फिरत नाही, त्यामुळे मला कुठेही न्यायचं तर मी आधी थोडा भलतीकडे जातो.

कारखान्यात मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा एका साहेबाने माझ्या तोंडावर तळहात ठेवला. तो चिकटला. साहेब म्हणाला, पास. तुम्हाला शाळेत इतक्या लवकर पास करत नाहीत. पुढची सात वर्षं मी गोव्यात मोरजीच्या एका हॉटेलात काढली. पाहुणे समुद्रावरून येत आणि पायांची वाळू गालिच्यावर सांडत. मी ती ओढून घेई. माळी माझी पिशवी बागेत झटके, आणि पाहुणे बागेतून येताना तीच वाळू पुन्हा आत आणत. सात वर्षांत मी बहुधा एकच वाळू ओढली. पण सगळे म्हणत, काय काम करतं हे यंत्र! मग हॉटेलने गालिचे काढून फरशी घातली आणि कौतुकासकट मला भंगारात दिलं.

तिथून मला डिचोलीच्या कृष्णनाथ बाबने उचललं; बाब म्हणजे आमच्याकडचं 'राव'. त्याचा खाणीवर ट्रक होता. खाण बंद पडली, ट्रक दोन पावसाळे दारात उभा राहिला आणि त्याच्या हौद्यात अळू उगवलं. घरच्यांनी त्याची भाजी खाल्ली. मग ट्रक विकून बाबने सीएनसी राऊटर घेतला. हे यंत्र संगणकाच्या सांगण्यावरून लाकूड कापतं. सपाट मेज, त्यावर लाकडाची फळी, वरून गरगर फिरणारं पातं. संगणक सांगेल त्या वाटेने पातं जातं. वाटेत काय आहे ते संगणकाला दिसत नाही.

माझ्या गळ्याला बाबने दोन नळ्या लावल्या. एक मेजाच्या खाली: मेजाला बारीक भोकं होती, त्यांतून मी हवा ओढली की वरचं लाकूड जागच्या जागी चिकटून राही. दुसरी नळी पात्याशेजारी, भुसा गिळायला. म्हणजे लाकूड धरायचंही मीच आणि धूळ खायचीही मीच. पिशवी रिकामी असली की दोन्ही जमायचं. भरली की दोन्ही ढिलं पडायचं, आणि लहान तुकडे तर आधी सुटायचे, कारण त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादं भोक येई.

हे दोन माणसांना नीट ठाऊक होतं. एक शिवदास, यंत्र चालवणारा. तो सिंधुदुर्गातून रोज मोटारसायकलने यायचा. दुसरी भाग्यलक्ष्मी, कापलेले तुकडे घासून पॉलिश करणारी. शिवदास मृदुंग वाजवायचा. बारा वर्षं गावच्या भजनात वाजवल्यावर त्या वर्षी एका दशावतारी कंपनीने त्याला दिवाळीनंतरच्या हंगामासाठी बोलावलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या लोखंडी पोटावर सराव करी. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. भाग्यलक्ष्मी म्हणायची, कंपनीला मृदुंग परवडला नाही तर ह्या पोटालाच घेऊन जा, दोघांना एकच बिदागी लागेल.

दसऱ्याच्या आधी एका हॉटेलाने हजार लाकडी कासवं मागवली. किल्लीला लावायची, अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. पोटावर कोरायचं होतं: 'कासवांना वाचवा'. हॉटेलची माणसं दुपारी चार वाजता कासवं न्यायला आणि कारखान्याचं चित्रीकरण करायला येणार होती. म्हणून बाबने सकाळपासून शेड झाडून घेतली आणि मागच्या अंगणात सगळा पालापाचोळा पेटवून दिला.

सहाशेच्या आसपास माझी पिशवी गच्च झाली. कासवं मेजावर थरथरायला लागली. शिवदासने यंत्र थांबवलं.

"बाब, पिशवी भरली हा. धा मिन्टां लागतली."

बाब म्हणाला, पिशवी उघडली की अख्ख्या शेडभर धूळ उडते, आणि झाडून आत्ता कुठे झालंय. एवढ्यात एक सुटं कासव मेजावरून घसरलं आणि उजव्या बाजूला खाली पडलं.

मित्रांनो, आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. घर, लग्न, प्रवास, लोक श्रद्धेने विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत हात जोडून उभे राहतात. बाब हात जोडून उभा नव्हता. त्याने कासवाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"उजवी दिली रे देवान. चालू कर."

पाठोपाठ दुसरं कासव डावीकडे पडलं. भाग्यलक्ष्मीने ते उचलून बाबला दाखवलं. बाब म्हणाला, त्याला विचारलंच कोणी होतं?

मग त्याने स्वतःच उपाय शोधला. मेजाखालच्या नळीची चावी बंद केली, म्हणजे माझा उरलासुरला सगळा जोर भुसा गिळायला मिळाला. राहिलं कासवं धरण्याचं काम. शिवदास तुकडे दाबायला रबर लावलेली एक काठी वापरायचा. पण तिचा वळ कासवांच्या पाठीवर उठत होता आणि तो चित्रीकरणात दिसला असता.

"देवान तुका बोटां कित्याक दिल्यांत?" बाब म्हणाला. "धर दाबून."

शिवदासने आपल्या हाताकडे पाहिलं. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. पण बाबने चालूचं बटण दाबून टाकलं होतं.

शंभरेक कासवं बोटाखाली कापून झाली. सातशे बारावं सरकलं. पात्याला त्याच्या शेपटीकडे जायचं होतं, ते ठरल्या वाटेने गेलं. वाटेत उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट होतं. पहिल्या पेरापर्यंत.

आणि मी ते ओढून घेतलं. लाकूड आणि माणूस यांतला फरक मला कोणी शिकवला नव्हता, आणि सकाळपासून इतक्या जोराने मी काहीच ओढलं नव्हतं.

शिवदासने दुसऱ्या हाताने बोट आवळून धरलं. तो खाली बसला. शेजारच्या गॅरेजमधल्या नारायणने त्याला गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. गाडी फाटकाबाहेर पडली, आणि बाबला कारखाने तपासणारा साहेब आठवला. साहेब आला आणि पिशवी भरलेली दिसली तर? त्याने माझं झाकण उघडलं. माझ्या आयुष्यात प्रथमच पिशवी इतक्या तातडीने रिकामी झाली. बाबने ती मागच्या अंगणात, पेटलेल्या पाल्यावर झटकली. भुसा भसकन पेटला.

पाऊण तासाने नारायणचा फोन आला. डॉक्टर म्हणतायत तुटलेला तुकडा लगेच पाठवा, बर्फात ठेवून, कदाचित जोडता येईल. बाब आणि भाग्यलक्ष्मी मेजावर शोधायला लागली, मग खाली, मग सातशे कासवांत एकेक करून. मला सगळं माहीत होतं, मित्रांनो. मला तोंड आहे, पण ते फक्त आत घेतं.

शेवटी भाग्यलक्ष्मीने पात्याशेजारची नळी धरली आणि तिच्यावरून बोट फिरवत फिरवत माझ्यापर्यंत आली. तिने झाकण उघडलं. पिशवी स्वच्छ होती. ती धावत मागे गेली आणि काठीने राख उकरत बसली. बाब दारात उभा राहून म्हणाला, तुका काय माहीत, पडलं असेल दुसरीकडे. ती वर न बघता म्हणाली, "बाब, तुम्ही आता गप रवा."

चार वाजता हॉटेलची माणसं आली. त्यांना सातशे अकरा कासवं मिळाली. एका ताईने कॅमेऱ्यासमोर एक कासव तळहातावर ठेवलं आणि सांगितलं की निष्काळजीपणामुळे किती निष्पाप जीव जखमी होतात. बाबने मान हलवली. मागे धूर दिसत होता, तो त्यांनी नंतर चित्रीकरणातून काढून टाकला म्हणे.

दिवाळीनंतर कंपनीने मृदुंगावर दुसऱ्याला बसवलं. शिवदास एकदा कंपनीचं नाटक बघायला गेला आणि सुरुवातीचा गणपती स्टेजवर यायच्या आधीच परतला. नंतर तो पुन्हा कामावर आला. बाब लोकांना सांगतो, मी त्याला टाकला नाही, हलकं काम दिलं. हलकं काम म्हणजे दर तासाला माझी पिशवी रिकामी करणं. शिवदास ती वर्तमानपत्रावर ओततो, उरलेल्या बोटांनी भुसा पसरून बघतो आणि मगच टाकतो. त्यात काही नसतं.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, फडक्याने पुसा, दसऱ्याला झेंडूचा हार घाला, माझी ना नाही. पण यंत्राशी उभा असलेला माणूस म्हणाला की पिशवी भरली, तर कसलीही खूण शोधू नका. पिशवी रिकामी करा.

शिवदास आता तसं म्हणत नाही. तास झाला की तो कोणाला न विचारता माझी वायर उपटतो, काम अर्धं असलं तरी, गिऱ्हाईक उभं असलं तरी. बाब त्याला काहीतरी सांगायला पुढे येतो. मग त्याला वायर धरलेला हात दिसतो, आणि तो बाहेर जाऊन उभा राहतो.