राजकुंवरचा कोपरा

धुळ्याला समुद्र नाही, तरी उत्तमचंद शेठच्या दुकानाला सगळा बाजार 'जहाजवाल्यांचं दुकान' म्हणे. जहाजांना इंजिनं आणि वीजघरांना जनित्रं पुरवणाऱ्या एका परदेशी कंपनीची एजन्सी त्यांच्याकडे होती. शिरपूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, सावद्याच्या बर्फाच्या कारखान्यात याच कंपनीची इंजिनं धडधडत.

दुकानामागेच घर. एकोणसत्तर सालच्या चैत्रात एके सकाळी पानबाई, शेठची विधवा भावजय, अंगणात पापड वाळत घालत होती. आतल्या खोलीत तिची सून राजकुंवर बसून होती. पानबाईचा एकुलता मुलगा सुरेशचंद काविळीनं गेला, त्याला चार महिने झाले होते. नवरा गेला की बाईनं वर्षभर अंधाऱ्या कोपऱ्यात बसायचं, ऊन बघायचं नाही, कुणाला तोंड दाखवायचं नाही, ही त्या घराण्याची रीत. खिडकीला शेठनी स्वतः खिळे ठोकले होते.

"पोर पिवयी पडी गयी वं, अक्का," भांडी घासता घासता धुरपदाबाई म्हणाली. "तिले जराखं ऊन दखाड."

पानबाई पापड पसरत राहिली. बोलण्याचं त्राण कधीच सरलं होतं.

त्याच दिवशी मुंबईहून कंपनीचं पत्र आलं. सुरेशचंद इंजिनांच्या तपासणीचे अहवाल पाठवायचा, ते बंद पडले होते. अहवाल आले नाहीत तर एजन्सी दुसऱ्याकडे जाणार होती. शेठनी डोक्याला हात लावला. तेव्हा इंजिनं तपासून येणारा अन्वर मिस्त्री चाचरत म्हणाला, "शेठ, लिहायची तर भाभीच. सुरेशभाऊ नुसती सही मारायचा."

राजकुंवर मॅट्रिक झालेली होती. शेठनी थोडा विचार केला आणि तोड काढली. सुनेनं बाहेर यायचं नाही, कागद आत जातील! दुसऱ्या दिवसापासून अन्वर बंद दाराबाहेर बसून इंजिनाची उष्णता, तेलाचा दाब, आवाजातला फरक सांगे. भर दुपारी आत चिमणी लावून राजकुंवर लिही. धुरानं तिचे डोळे चुरचुरत, सुजत. पानबाई कागद बाहेर आणून देई. खाली सही उत्तमचंदांची.

दोन महिन्यांनी कंपनीचे इंजिनिअर देवस्थळी मुंबईहून आले. बैठकीत चहा घेताना म्हणाले, "शेठ, असे अहवाल आम्हाला बंदरावरून येत नाहीत. लिहितं कोण?"

"मीच की," शेठ हसून म्हणाले.

पडद्याआड उभ्या पानबाईनं ते ऐकलं. एकोणिसाव्या वर्षी तीही याच खोलीत बसली होती. तान्ह्या सुरेशला तिनं अंधारात पाजलं होतं. बाळाचा चेहरा तिनं उजेडात पाहिला तेव्हा तो रांगत होता. तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. ती आत गेली.

"ऊठ, राजकुंवर."

"सासूजी, लोक काय म्हणतील?"

"मीही तेव्हा असंच म्हणाले होते. सव्वीस वर्षं झाली गं. लोक काहीच म्हणाले नाहीत. मी जिवंत आहे की नाही, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही."

सहा महिने बसून राजकुंवरच्या पायांतलं बळ गेलं होतं. पानबाईनं तिला कमरेला धरून बैठकीत आणलं. उजेड पडताच तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"ही लिहिते," पानबाई म्हणाली.

देवस्थळी उभे राहिले.

"भाभी! घराण्याचं नाक कापलंत!" शेठ ओरडले.

"तिचे डोळे जात होते, तेव्हा नाक शाबूत होतं का?"

त्या महिन्यात समाजाच्या पंगतीत त्या घराला पान मांडलं गेलं नाही. शेठ पानबाईशी बोलेनासे झाले. मात्र दुकानात बसू लागलेल्या राजकुंवरला त्यांनी उठवलं नाही, कारण कंपनीला अहवाल हवे होते. एवढंच धर्माचं बळ! ती आता गल्ल्यामागच्या टेबलाशी बसून लिही आणि खाली स्वतःची सही करी. डाव्या डोळ्याला मात्र अंधूकच दिसे, ते कायमचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी धुरपदाबाईनं सांगितलं, पलीकडच्या गल्लीत भंवरलालची सून विधवा झाली, सतरा वर्षांची, आणि सकाळीच सुतार बोलावलाय.

पानबाईचे गुडघे दुखत होते. कुणाशी भांडायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, चपला घातल्या आणि ती निघाली. खिळे ठोकल्याचा आवाज गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येत होता.