गुरुवारचे पाच टक्के

"ताई, आज सहासष्ट कसे?" फोरमननी चालकाच्या सीटमागून मान पुढे काढत विचारलं.

"काय सहासष्ट?"

"चार्जिंग. सोमवारी माझ्या थांब्यावर येईपर्यंत एकाहत्तर असतं. मंगळवारी एकाहत्तर. गुरुवार आला की सहासष्ट. मागच्या गुरुवारीही तेच."

बस चालवणारी ताई आरशात बघून हसली. "काका, बॅटरीलाही तब्येत असते. तुमचं बीपी रोज सारखं येतं का?"

मागच्या सीटवरचे निवृत्त पोस्टमास्तर खो खो हसले. फोरमन हसले नाहीत. पाच टक्के म्हणजे दोन-तीन किलोमीटर, एवढा हिशेब त्यांनी पहिल्याच आठवड्यात मनात बसवला होता. दोन-तीन किलोमीटर वाऱ्यावर जात नाहीत.

पासष्टीच्या वरच्या लोकांसाठी ही छोटी विजेची बस सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. आठ सीटा, चढताना खाली वाकणारी पायरी, धरायला पिवळे दांडे. दवाखाना, व्यायामाचं केंद्र, वाचनालय, वृद्धाश्रम आणि परत. सगळे म्हणत, सोय झाली. फोरमनना मात्र या गाडीचा पहिल्या दिवसापासून संशय होता. एकतीस वर्षं त्यांनी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं उघडली होती. त्यात डावा कान गेला, पण उजव्या कानानं ते अजून सांगू शकत की समोरून जाणाऱ्या ट्रकचा कुठला नोझल गळतोय. आणि ही गाडी आवाजच करत नव्हती. आवाज न करणाऱ्या माणसावर आणि यंत्रावर त्यांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. डेपोत त्यांनी तीन डिझेलचोर पकडले होते, तेही नुसतं टाकीवर हात आपटून.

"बाबा, पाच टक्क्यांनी तुमचं काय बिघडतंय?" घरी सून म्हणाली. ती सकाळची भाजी चिरत होती. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा यायचा. घरात ही दोघंच. "बस वेळेवर येते ना?"

"गुरुवारी बारा मिनिटं उशिरा येते."

"बारा मिनिटं!"

"कुठेतरी पाणी मुरतंय. सरकारी गाडी आहे. ती बाई स्वतःची कामं उरकून घेत असणार. कुणाचं सामान पोचवत असेल, नाही तर घरी चक्कर मारत असेल."

सुनेनं सुरी खाली ठेवली. "तुम्हाला ना, चोर सापडला नाही की करमत नाही."

पुढच्या गुरुवारी फोरमन लवकर निघाले आणि बसच्या पहिल्या थांब्यावर, कालव्याच्या पुलाशी जाऊन उभे राहिले. पुलाचं अलीकडचं टोक म्हणजे सेवेची हद्द. पलीकडे दुसरा वॉर्ड. तिथल्या लोकांसाठी ही बस नव्हती. ते एका पानटपरीच्या आडोशाला रस्त्याकडे डोळे लावून उभे राहिले, आणि तरी बस त्यांच्या डाव्या अंगानं कधी निघून गेली ते कळलंच नाही. दिसली ती पाठ. थांब्यावर न थांबता ती सरळ पूल चढून पलीकडे उतरली. बारा मिनिटांनी तशीच गुपचूप परत आली.

फोरमननी त्याच दुपारी तक्रार लिहिली. तारीख, वेळ, टक्के, किलोमीटर. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. निनावी अर्ज हा प्रकार त्यांना कधीच आवडला नव्हता.

आठ दिवसांत उत्तर आलं. आपण दाखवलेल्या जागरूकतेबद्दल आभार. संबंधित चालकास समज देण्यात आली आहे. सुनेनं ते मोठ्यांदा वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

त्या गुरुवारी बस वेळेवर आली. पडद्यावर एकाहत्तर. फोरमन समाधानानं आपल्या जागेवर बसले. ताई आरशात बघून हसली नाही. दाराजवळची एकेरी सीट रिकामी होती. तिथे दर गुरुवारी एक बाई बसायच्या, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा घेऊन. कुणाशी बोलायच्या नाहीत. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी उतरायच्या. त्या पुलाच्या थांब्यावर चढत असतील, असं फोरमननी धरून चाललं होतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही ती सीट रिकामी होती.

व्यायामाच्या केंद्राशी सगळे उतरले. फोरमन मागे थांबले.

"त्या दाराजवळच्या बाई आजारी आहेत का?"

"नाहीत," ताई म्हणाली. तिनं हात स्टिअरिंगवरच ठेवले होते. "त्या पुलापलीकडे राहतात, लाकडाच्या वखारीमागे. हद्दीबाहेर. शाळेत शिवणाच्या बाई होत्या. नवऱ्याला अर्धांग झालंय, वृद्धाश्रमात असतात ते. भेटायचा वार गुरुवार. बाईंचा गुडघा गेलाय, पुलाचा चढ एकटीला होत नाही, आणि त्या रस्त्यानं ट्रक कसे जातात ते तुम्ही बघितलंयत. पाच महिने मी आणत होते. आता गाडी हद्दीबाहेर गेली की हा पडदा लाल होतो आणि ऑफिसात घंटा वाजते."

फोरमननी पिवळा दांडा धरला. "ती तक्रार…"

"माहीत आहे, काका. तुमची सही होती खाली." ती समोर बघत म्हणाली. "उतरता ना? मला पुढे जायचंय."

फोरमन ऑफिसात गेले. तक्रार मागे घ्यायची आहे म्हणाले. खिडकीतल्या कारकुनानं दोनदा विचारलं, मग सांगितलं, "आजोबा, निकाली निघाली ती. निकाली निघालेली तक्रार मागे कशी घेणार?"

"मग पुलापलीकडच्या बाईंना गाडीत चढायला काय मार्ग?"

"नियम बघा."

नियमांचं पुस्तक फोरमनकडे होतं. तक्रार लिहिताना त्यांनी ते दोनदा वाचलं होतं, पण तेव्हा वेगळं काहीतरी शोधत होते. आता तिसऱ्यांदा वाचताना अकरावं कलम दिसलं. नोंदणी असलेल्या प्रवाशासोबत एक व्यक्ती प्रवास करू शकते. ती व्यक्ती कुठली असावी, हे लिहायचं राहून गेलं होतं.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी आठला ते वखारीमागच्या घरासमोर उभे होते. दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून आत खिडकीशी शिलाई मशीन दिसत होती.

"कोण?"

"बसमध्ये ताईंच्या मागे बसतो तो मी."

"ताईंनी पाठवलंय?"

"नाही. मीच आलो. माझ्यासोबत म्हणून तुम्हाला बसता येतं. नियम आहे तसा. पुलाच्या त्या टोकाला गाडी येईल, तेवढं चालत जायचं."

"तुम्हाला काय पडलंय?" बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फुकट कोणी कोणासाठी येत नाही. कसले कागद सही करून हवेत का?"

"कागद नाहीत," फोरमन म्हणाले.

दार बंद झालं. ते जावं की थांबावं या विचारात असतानाच साखळी निघाली. बाई डबा घेऊन बाहेर आल्या. कुलूप लावून त्यांनी ते तीनदा ओढून पाहिलं.

पुलाचा चढ सुरू झाला तसा त्यांनी फोरमनचा दंड धरला. दर दहा पावलांवर थांबत होत्या. बस आली, ताईनं दोघांकडे पाहिलं आणि पायरी खाली सोडली. ती तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली ठेवली.

पुढच्या गुरुवारी, पुलाच्या मध्यावर, फोरमनना राहवलं नाही.

"बाई, तुमची गाडी माझ्यामुळे बंद झाली. तक्रार मी केली होती. मला वाटलं, ताई काहीतरी लबाडी करतेय."

बाई थांबल्या. दंडावरचा हात त्यांनी सावकाश काढून घेतला आणि कठडा धरला. एक ट्रक गेला, मग दुसरा.

"ते दोन गुरुवार आमच्या ह्यांनी दाराकडे बघत काढले, असं नर्स म्हणाली," त्या म्हणाल्या. "कोणाच्या हातून खाल्लं नाही. मग मी गेले, तर ओळखलंच नाही मला. ते तुमच्यामुळे झालं, असं मी म्हणत नाही. पण तुमच्यामुळे नाही झालं, असंही म्हणणार नाही."

"हो," फोरमन म्हणाले.

"चला. गाडी जाईल."

उरलेला पूल त्यांनी कठडा धरून पार केला. फोरमन अर्धं पाऊल मागे, ट्रकच्या बाजूनं चालत राहिले.

त्यानंतरही ते दर गुरुवारी जात राहिले. बाई कुलूप लावून दाराबाहेर उभ्या असत. त्यांनी पुन्हा फोरमनचा दंड धरला नाही. वृद्धाश्रमात त्या आत जात आणि फोरमन व्हरांड्यातल्या बाकावर बसत. तासाभरानं बाई बाहेर येत. कधी डब्याचं झाकण नीट बसलेलं नसे, कधी पदरावर खिरीचा डाग असे. फोरमन विचारत नसत. त्यांचा स्वतःचा व्यायाम केव्हाच बुडाला होता. खांदा दुखायचा, सून ओरडायची, पण गुरुवारी सकाळी साडेसातला चहा मात्र तीच पुढ्यात आणून ठेवायची.

चौथा की पाचवा गुरुवार असेल. वृद्धाश्रमाच्या दाराशी नवा रखवालदार होता. त्यानं बाईंचं नाव यादीत पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्या फोरमनकडे बोट केलं.

"हे कोण तुमचे?"

बाईंनी मागे वळून पाहिलं.

"बसमधले," त्या म्हणाल्या.

"म्हणजे नातेवाईक नाहीत. मग त्यांनी व्हरांड्यातसुद्धा बसायचं नाही. फाटकाबाहेर थांबायचं."

"बरं, बरं," फोरमन म्हणाले आणि फाटकाकडे वळले.

बाई दोन पावलं आत गेल्या होत्या. तिथून, पाठमोऱ्याच, त्या म्हणाल्या, "आमचे हे हल्ली वाटी ढकलून देतात. मला दोन हात पुरत नाहीत. धरायला माणूस लागतो. येऊ द्या त्यांना."

रखवालदार बाजूला झाला. आत शिरताच उजव्या हाताला बेसिन होतं. फोरमननी बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, साबण घेतला आणि एकेक बोट वेगळं करून हात धुतले. पुसायला काही नव्हतं. ओले हात समोर धरून, कशाला लागू न देता, ते बाईंच्या मागून आत गेले.