तिसऱ्यातच अडकलेली गाडी

“मी टीव्ही दुरुस्त करते, तात्या. गाडीचं बॉनेट कसं उघडायचं तेबी मला ठाव न्हाय!” प्रियदर्शनी म्हणाली, आणि म्हणता म्हणता वीज तपासायचा मिटर घेऊन उठलीसुद्धा.

“बॉनेट मी उघडतो. तू निस्तं आत बघ!” हिंदुराव कुबडी टेकत तिच्याआधी दुकानाबाहेर पडले.

बाहेर, इंदापूरच्या त्या भर बाजारात, त्यांची जुनी पांढरी जपानी गाडी उभी होती. मागच्या सीटवर त्यांची बायको द्वारकाबाई पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या. लोणी भापकरपासून इथवर गाडी सारखी कण्हत आली होती, आणि बाईंचा सगळा रस्ता देवाचं नाव घेण्यात गेला होता.

हिंदुरावांनी उभी उमर उसाचा ट्रक हाकला. मग एका हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यापाशी उसाची ट्रॉली अंगावर उलटली आणि डावा पाय गुडघ्यापासून गेला. संपलं! क्लच काय कुबडीनं दाबायचा? पुढची कैक वर्षं हा माणूस ओसरीवर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकत राहिला. गेल्या उन्हाळ्यात मेहुण्यानं खबर आणली, की परदेशातून आलेल्या काही गाड्यांना क्लचच नसतो, गिअर आपला आपण बदलतो. मुंबईहून ही गाडी दारात आली, तेव्हा हिंदुरावांना चारचौघांत रडू फुटलं होतं. आणि आता दिवाळीच्या तोंडावर डॅशबोर्डवरचा एक दिवा लुकलुकायला लागला अन् गाडी तिसऱ्या गिअरातच अडकली. बारामतीच्या दोन मिस्त्र्यांनी गिअरबॉक्स खलास म्हणून हात झटकले. असला दुसरा इकडं मिळायचा नाही. संध्याकाळी भंगारवाला येणार होता, त्याला शब्द देऊन झाला होता. तिसरा मिस्त्री तेवढा म्हणाला, “हिचा गिअर विजेवर बदलतो, तात्या. आमी पाने फिरवणारी मानसं. इंदापुरात एक टीव्हीवाली पोरगी हाय, तिला दावून बघा.”

त्या पोरीचं डोकं आता डॅशबोर्डखाली होतं.

“गावला!” आतून आवाज आला. “ह्यो डबा. ह्यो तुमच्या गाडीचा मुकादम, तात्या. ह्यानं हुकूम सोडायचा, तारेतनं त्यो गिअरबॉक्समदल्या कॉइलला पोचायचा, मग गिअर बदलायचा. हुकूम पोचंना झाला, की मुकादम म्हनतो, ऱ्हाऊ द्या तिसऱ्यातच, घरापतुर तरी जावा.”

“म्हंजे गिअरबॉक्स चांगला हाय?”

“थांबा की! कसली घाई!” तिनं डब्याकडून जाणाऱ्या तारेला मिटर लावला. काटा जागचा हलला नाही. “तारंत खोट हाय, न्हायतर कॉइल जळलीय.”

“जळली आसंल तर?”

“तर भंगारवाल्याला चा पाजा,” ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. कारण हिंदुरावांचा चेहरा खर्रकन उतरला होता.

तार हातानं चाचपत ती बॅटरीखाली पोचली. तिथं, गिअरबॉक्सच्या डोक्यावर, प्लग होता. तो काही केल्या निघेना. हिंदुरावांनी कुबडी टाकली, गाडीला रेलून दोन्ही हात घातले, आणि कट्कन प्लग सुटला. प्रियदर्शनीनं तो उन्हात धरला. पिनांवर पिवळं-हिरवं कीट चढलं होतं.

“तात्या, ह्यात हळद कुठनं आली?”

हिंदुराव एकदम आभाळाकडं बघायला लागले.

“भंडारा हाय त्यो,” द्वारकाबाई काचेतून बाहेर डोकावल्या. “दसऱ्याला पूजा केली न्हवं? ह्यांनीच बॉनेट उघडून नारळाचं समदं पानी आत वतलं. मी म्हनलं, आवं, चाकाला दावा!”

“आन् मूठमूठ भंडारा कुनी उधळला गं?”

“मी उधळला! देवानं माज्या मानसाचा पाय माघारी दिला, मग काय चिमूटभर उधळू?”

 हसू दाबता दाबता प्रियदर्शनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “काकी, नारळाच्या पान्यात खार आसतो, त्यो पिना खातो.” मग टाचणीनं कॉइलकडच्या दोन पिना तिनं खरवडल्या. मिटर लावला. 

काटा टुणकन उडाला!

“जिती हाय! कॉइल जिती हाय, तात्या!”

“आरं माज्या बहाद्दरनी!” हिंदुराव एवढ्या जोरात ओरडले, की शेजारचा कापडवाला गज टाकून पळत आला.

टीव्हीचा ट्यूनर साफ करायचा स्प्रे मारून तिनं पिना लख्ख केल्या, प्लग घट्ट बसवला, आणि मुकादमानं मागचं सगळं विसरावं म्हणून बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली. मग किल्ली फिरली. दिवा लागला, विझला, आणि विझलेलाच राहिला.

“बस पुढं,” हिंदुराव तिला म्हणाले. “भंगारवाला बसू दे म्हनावं ओसरीवर!”

सोलापूर रस्त्याला लागताच गाडी हलकेच पुढं सरकली. पहिला. दुसरा! हिंदुराव प्रत्येक गिअर मोठ्यानं मोजत होते. मागून द्वारकाबाई “सावकास, आवं सावकास!” म्हणत होत्या आणि हसतही होत्या. तिसरा! आता चौथा पडतो का नाही? पडला!

प्रियदर्शनी हिंदुरावांकडं पाहत होती. गिअर बदलला, की त्यांची डावी मांडी सीटवरून उचलली जायची आणि खाली दाबली जायची. गुडघ्याखाली नुसतं दुमडलेलं धोतर होतं. नसलेला क्लच दाबला जात होता, आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं. पुढं रस्ता मोकळा होता, त्यांची नजर तिथं होती.

तिचा मिटर खाली, त्या पायाच्या रिकाम्या जागेत पडला होता. तिनं वाकून तो हळूच उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला.