झाकणाखालचं इंजिन

ऑईलच्या पट्टीच्या टोकाला लोंबणारा थेंब... काळपट तांबूस, पडू की नको करणारा. आणि तो मेकॅनिक काशिरामने बोटावर घेऊन चोळला तेव्हा रिदाच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून धरलाय.

व्हॅनमधून मुलांना शाळेत सोडून ती थेट कोन गावातल्या त्याच्या गॅरेजवर आली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच व्हॅनचं इंजिन उघडणार होतं. दोन दिवस आतून टकटक येत होती, आणि कुवेतहून नवऱ्याने, ओवेसने, व्हॅन विकायला परस्पर गिऱ्हाईकही ठरवलं होतं, आज संध्याकाळचं.

माजभाईच्या व्हॅनचं इंजिन पाचव्या वर्षीच बसलं. भावाबहिणीने एकाच आठवड्यात घेतलेल्या, अगदी सारख्या गाड्या! तो ड्रममधलं सुटं ऑईल घालायचा नि हसायचा, "अगं, तेल ते तेल! गाडीला काय दवा पाजतेस?" ती मात्र गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचाच सीलबंद डबा आणायची — दर पाच हजार किलोमीटरला, रमजानमध्येसुद्धा, अंगात ताप असतानासुद्धा... त्याच्या इंजिनातला काळा गाळ चमच्याने खरवडावा लागला होता. माझ्या गाडीतही तसाच निघाला तर? मग ही सगळी वर्षं मी नुसतीच वेडी...

झाकण निघालं.

"ताई, या, बगा!" काशिराम ओरडलाच. "गाळ नाय, काय नाय! टॅपेट ढिले झालेत, तेच वाजतात, जुळवतो. अजून लय चालंल ही."

ती वाकली. आतलं लोखंड सोनेरी दिसत होतं. छाती धडधडू लागली, हसू आवरेना.

"ऑईलमुळेच ना?"

"ऑईल हाय, येळेवर बदललं ते पन हाय. तुमी गाडी सांबालून चालवता..." त्याने खांदे उडवले. "आता नेमकं कशानं, कसं सांगू?"

खरंच, माजभाई तळोज्याच्या धुळीतून दुप्पट माणसं कोंबून गाडी पळवायचा. कोण ठरवणार? ते कधीच कळणार नव्हतं — आणि तरी हा आनंद तसूभरही कमी होत नव्हता, उलट अंगभर पसरत होता...

फोन वाजला. ओवेस.

"काय म्हणतो मेकॅनिक? गिऱ्हाईकाला मी—"

"थांबा. आधी माझं ऐका."

पुढे काय बोलणार आहोत हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण हा आवाज आपलाच, इतका मोठा, इतका मोकळा... ती नवलाने तो ऐकत राहिली.